वीज, वडीलधारे आणि पायाळू काशीमावशी

द्राक्षबागेला खत लागतं, औषध लागतं, तेव्हा कुठे माल धरतो. विजेच्या किश्श्यांना काहीच लागत नाही. विंचूरजवळच्या आमच्या बागेत दर वळवाला ते आपोआप लगडतात, कारण आमच्याकडे वडीलधारी माणसं आहेत! मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून चुलत्यांची, म्हणजे आप्पांची, पिकअप चालवतो. त्यामुळे माझं कुणी ऐकत नाही.

*

गेल्या एप्रिलात मोबाईलवर इशारा आला: विजा पडतील, झाडाखाली थांबू नका. मी आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. आप्पा शांतपणे चिंचेखाली जाऊन उभे राहिले.

"माझा बाप इथंच थांबायचा. तू दुसऱ्या वर्षाला आपटलास, अन् मला सायन्स सांगतो?"

*

बागेचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. छाटणी चालू असताना गडगडलं. छाटणीच्या बायका बाहेर निघाल्या. तर देखरेखीला असलेले नाना, आप्पांचे लंगोटीयार, ओरडले, "दोनच ओळी राहिल्यात, उरका!"

बांधावरच्या बाभळीवर वीज कोसळली. तारांमधून असा झटका आला की सगळ्यांच्या हातातल्या कात्र्या खाली! एकीचा हात खांद्यापर्यंत बधिर, दुसरी नुसती थरथरतेय.

नाना आले. म्हणाले, "झाल्या का ओळी?"

*

घरावर वीज पडू नये म्हणून अंगणात लोखंड टाकायचं, ही आमच्याकडची पद्धत. आप्पा भर कडकडाटात पाच फुटी पहार खांद्यावर घेऊन उघड्यावर धावतात.

"आप्पा, वीज लोखंडावर जाते ना?"

"मग? म्हणून तर टाकतोय!"

"आत्ता लोखंड कुणाच्या खांद्यावर आहे?"

"तोंड चालवतोस, म्हणून कॉलेज सुटलं तुझं!"

*

पेठकडून मजुरीला येणारी काशीमावशी जन्मली तेव्हा तिचे पाय आधी बाहेर आले. म्हणजे ती पायाळू. पायाळूवर वीज पडते म्हणे. आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणे! म्हणून सकाळी आप्पा ओट्यावर पालथे: "काशे, लाव गं पाय." दुपारी गडगडलं की तेच आप्पा: "काशे, शेडमधून बाहेर हो, आम्हाला मारशील!"

एकदा ती उघड्या बांधावर उकिडवी बसलेली दिसली. साठीची बाई, डोक्यावर गोणपाट! माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून तिला पिकअपच्या केबिनमध्ये बसवतो, काचा बंद करून. बंद गाडीवर वीज पडली तरी पत्र्यावरून जमिनीत उतरते, अख्ख्या बागेत तेवढी सुरक्षित जागा दुसरी नाही. आप्पांना वाटलं, मी त्यांचंच ऐकलं!

"बरंय. गाडीवर पडली तर विमा आहे."

*

मे महिन्यात वीज त्या चिंचेवरच पडली. नाना खोडाला टेकलेले. आडवेच झाले, श्वास बंद. आप्पा लांबूनच ओरडले, "हात लावू नका, अंगात करंट असतो!"

कसला करंट? वीज गेली की गेली! कॉलेजने मला एकच कामाची गोष्ट शिकवली होती, छाती दाबणं. मी दाबत राहिलो. मदतीला एकच माणूस आलं. काशीमावशी, गाडीतून उतरून. मी दमलो की ती दाबायची. शेवटी नानांनी श्वास घेतला. आजही त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, नातवाचं नाव आठवत नाही.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये निकाल लागला: "पायाळू बागेत होती, म्हणूनच पडली!"

*

परवा पुन्हा आभाळ भरून आलं. आप्पांनी सवयीप्रमाणे काशीमावशीला शेडमधून हाकललं. ती गाडीत येऊन बसली. मी स्टिअरिंगवर. एवढ्यात शेडच्या मागेच कडाडलं, पत्रे खडखडले. आप्पा चिखल तुडवत धावत आले आणि काच ठोठावायला लागले.

"काशे, सरक! सरक लवकर!"

काशीमावशीने काच चार बोटं खाली केली.

"आप्पा, मी पायाळू हाय. उतरू का?"