गाडीला बसवलेली शिंगं

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरची बैलजोडी विकून ह्यांनी पिकअप गाडी आणली. लष्कराने लिलावात काढलेली, जालन्याच्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात धूळ खात पडलेली, शेवाळी रंगाची. शेत बटईने देऊन टाकायचं आणि साखरखेर्ड्याहून मेहकर, सुलतानपूर असा बाजारांचा माल वाहायचा, असा ह्यांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. पण जोडी गोठ्यातून गेली त्या दिवसापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, मुलाशी बोलायचे थांबले.

भांडण नाही, आरडाओरड नाही, बोलणंच बंद. रोज सकाळी ते रिकामा गोठा झाडायचे, गव्हाणीतला नसलेला कडबा सारखा करायचे आणि मला सांगायचे, त्याले सांग विहिरीचा दोर तुटून राह्यला. हे तिथेच, दोन हातांवर दाढी करत असायचे. तरी मी जाऊन सांगायचं. मग हे म्हणायचे, बाबाले सांग, आणतो. पुन्हा मी. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू मी होते. सासूबाई असत्या तर अर्धं ओझं त्यांनी उचललं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मामाजींचं दुखणं नुसतं बैलांचं नव्हतं. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी आमच्या घरची उभी राहायची. त्यांच्या आजोबांपासूनचा तो मान. आता जोडीच नाही तर मान कशाचा? हे ह्यांनाही कळत होतं, जोडी विकल्यावर कळलं एवढंच. श्रावण लागला तसा ह्यांच्या डोक्यात किडा शिरला. म्हणाले, गाडीच अशी सजवतो की तोरणाखाली तीच उभी राहील आणि बाबा तिच्यात बसतील. मी म्हटलं, बैल गेला अन् झोपा केला. त्यावर हे हसले सुद्धा नाहीत.

मग सुरू झालं. आधी तो शेवाळी रंग विटेच्या तुकड्याने आणि काचकागदाने खरवडायचा. दिवसा मालाची खेप, संध्याकाळी खरवडणं. एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने मी, भाकऱ्या झाल्यावर. माझ्या नखांत तो हिरवा भुगा असा बसला की कणीक मळायची किळस यायची. पांढरा ऑइलपेंट आला, तो पुरवून पुरवून लावायला ह्यांनी पळसाच्या मुळ्या कुटून कुंचे केले. आमची जोडी पांढरी होती, म्हणून गाडीही पांढरी. पुढच्या दिव्यांभोवती काळा रंग फिरवला, बैलाच्या डोळ्यांना काजळ असतं तसा. बाभळीच्या लाकडाची दोन शिंगं तासून टपावर बोल्टाने आवळली, त्यांना लाल हिंगूळ लावला आणि टोकांना जुन्या जोडीच्या पितळी शेंब्या बसवल्या. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून बाशिंग केलं. आरशांना गोंडे, जाळीवर घुंगरमाळ. बॉनेटला झूल हवी म्हणून माझं हिरवं लुगडं गेलं. ते मी स्वतःच फाडलं, स्वतःच त्यावर आरसे टाकले, आणि टाके घालताना मनात जे जे आलं ते इथे लिहीत नाही.

गावातली रिकामी माणसं ओट्यावर बसून बघायची. त्यांचा चहाही माझ्याच गळ्यात. एकजण सुचवायचा वेसण पाहिजे, दुसरा म्हणायचा शेपूट राह्यलं. ह्यांनी वेसण खरंच घातली, दोराची, जाळीतून ओवून. मला हसू आलं होतं, पण हसायला सुद्धा जोर लागतो आणि माझ्यात तो उरला नव्हता.

मामाजी त्या गाडीकडे बघायचे नाहीत. गोठ्यात जाताना तिच्याकडे पाठ करून, भिंतीला घसटून जायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दोघांचाही राग यायचा. बापाचा हट्ट आणि लेकाची हौस ह्यांच्यामध्ये माझ्या कमरेचे काटे ढिले होत होते.

पोळ्याला थोडे दिवस उरले असताना ह्यांनी गाडी एकदा गल्लीतून फिरवून बघायचं ठरवलं. झुलीने जाळी झाकली गेली होती, वारा जाईना, त्यामुळे इंजिन तापलं आणि दोन्ही बाजूंनी फुसफुस वाफ निघू लागली. पांढरं अंग, लाल शिंगं, काजळाचे डोळे, घुंगरांचा खणखणाट आणि नाकातून वाफ. समोरून पाटलांची जोडी येत होती. ती अशी बुजली की दावं तोडून थेट कपाशीच्या पऱ्हाटीत घुसली, आणि तिच्यामागे अर्ध्या गल्लीची गुरं. बैल दिसावा म्हणून एवढा खटाटोप केला, आणि बैलांनाच ते भूत वाटलं.

त्याच संध्याकाळी पाटील आमच्या ओट्यावर आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. चहा घेऊन म्हणाले की हे तोरणाखाली आणू नका, बैल उधळून पोळा आधीच फुटेल आणि कोणाचं तरी लेकरू तुडवलं जाईल. मामाजी खांबाला टेकून ऐकत होते. हे मात्र पाटील गेल्यावर पुन्हा कुंचा घेऊन बसले. आता रंगवायला काही उरलं नव्हतं, तरी त्याच शिंगावर तोच हिंगूळ फिरवत बसले. म्हणाले, बाबा एकडाव हो म्हणतील तर पाटलाले मी समजावतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला पळसाच्या पानाने कोमट हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मामाजींनी मला तूप कोमट करायला सांगितलं. कोणासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी वाटी घेतली, पळसाचं पान घेतलं आणि पहिल्यांदाच त्या गाडीजवळ गेले. हे टपावर होते, धडपडत खाली उतरले. मामाजी गाडीभोवती सावकाश फिरले. बॉनेटवरून हात फिरवला, चाकावरून फिरवला, शिंगांकडे वर बघितलं.

"याचा खांदा कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

कितीतरी महिन्यांनी ते मुलाशी थेट बोलले होते.

मामाजींनी ह्यांना गाडीच्या पायरीवर बसवलं, अंगातली बंडी खांद्यावरून खाली ओढली. पोती वाहून वाहून ह्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. पाठ धुताना मी तो रोज बघत होते, मामाजी पहिल्यांदा बघत होते. पान वाटीत बुडवून त्यांनी दोन्ही खांदे चोळले, मान चोळली, बैलाची चोळायचे तितक्याच बेताने.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते म्हणाले. मुलाला त्यांनी जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. ती बैलांना म्हणायची वाक्यं होती, ती तशीच्या तशी म्हटली. हे लहान मुलासारखे रडले. मी दिवा घेऊन उभी होते, माझेही डोळे भरून आले, आणि एवढ्या महिन्यांनंतर पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याला निरोप पोचवावे लागणार नाहीत.

पोळ्याला गाडी अंगणातच राहिली. मामाजी स्वच्छ धोतर नेसून एकटे तोरणापाशी गेले आणि पाटलांची जोडी आपल्या हाताने पहिल्या जागी उभी करून आले. पुरणाची पहिली पोळी बैलाची असते, ती त्यांनी ह्यांच्या ताटात वाढायला सांगितली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत म्हणून गाडी सुरू करायचं हँडल त्यांनी दिवसभर आपल्या बाजेखाली ठेवलं. हे दुपारभर ओट्यावर पालथे झोपले. इतकी गाढ झोप मी त्यांची कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच मामाजींनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हँडल हातात दिलं. "उठ. चाल," म्हणाले, "बाजार हाये." हे डोळे चोळत उठले आणि गेले.

त्यानंतर मामाजी जगले तोवर मुलाशी रोज बोलले. उठ, चाल, थांब, पाणी पी. ह्याच्यापलीकडे एक शब्द नाही.