रेल्वेच्या प्रदर्शनात आम्ही चौघं

काही घरांत रिकामे डबे साठतात, काही घरांत जुनी मासिकं. आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. त्यांनी जागा अडत नाही हे खरं, पण वेळ अडतो असं माझ्या बायकोचं म्हणणं. तिनं नियमच करून टाकलाय: पाहुण्यांसमोर रेल्वेच्या प्रदर्शनाचे दोनच किस्से सांगायचे आणि तेही पानं वाढून होईपर्यंत संपवायचे. आज ती माहेरी गेलीये, तेव्हा घ्या सगळे!

आधी ग्रुप सांगतो. आम्ही चौघं रेल्वेवेडे. रविवारी सकाळी रुळांवरच्या पुलावर उभं राहायचं आणि गाड्या बघायच्या, एवढंच आमचं काम. मी शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो. करडेकाका कसबा पेठेतले तांबट, सत्तरीचे, आजही स्वतः हंडे घडवतात. पूर्वा आयटीत आहे. आणि राहुल मेश्राम मूळचा गोंदियाचा, वाघोलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल झालेला आणि वर्षभर नोकरी शोधणारा.

राहुलच्या वडिलांनी शेवटी निरोप धाडला होता. शनिवारपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर गावी येऊन आत्याच्या मिस्टरांच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं. सोबत शनिवार रात्रीचं तिकीटही पाठवलं होतं. हा मुलगा एरवी प्लॅटफॉर्म तिकिटाचासुद्धा फोटो ग्रुपवर टाकायचा. हे तिकीट त्यानं कुणालाच दाखवलं नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवार ते शनिवार, मोशीला रेल्वे उद्योगाचं भलंमोठं प्रदर्शन भरलं. आम्ही तिघं बघायला गेलो, राहुल नोकरी मागायला.

*

दारातच फॉर्म भरायचा होता. नाव, कंपनी, हुद्दा. करडेकाकांनी खरं तेच लिहिलं: ‘करडे अँड सन्स, प्रोप्रायटर, तांबे.’ त्यांना लगेच हिरव्या फितीचा बॅज मिळाला. हिरवी फीत म्हणजे गिऱ्हाईक! मग काय विचारता? काका ज्या स्टॉलसमोर उभे राहतील तिथं खुर्ची यायची, पाणी यायचं, एका ठिकाणी तर काजू आले.

राहुलनंही खरं तेच लिहिलं. त्याच्या बॅजवर मोठ्या अक्षरांत ‘जॉब सीकर’ छापून आलं. स्टॉलवरची माणसं त्याच्याकडे बघून छान हसायची, मग नजर बॅजवर जायची आणि हसू तिथंच संपायचं. ‘सीव्ही त्या बॉक्समध्ये टाका’, एवढं एकच वाक्य त्यानं पहिल्या दिवशी बावीस वेळा ऐकलं. मोजत होता बिचारा.

मला फार वाईट वाटलं. काका मात्र त्याच्या हातात काजू ठेवत म्हणाले, “खा. खरं बोलल्याचं काहीतरी मिळायला हवं ना.”

*

दुपारी पूर्वाला इंजिन चालवायचा सिम्युलेटर सापडला. खरीखुरी केबिन, समोर पडदा, पडद्यावर पळणारे रूळ! एकेकाला पाच मिनिटं. पोरं येत होती, हँडल ओढून गाडी सुसाट सोडत होती आणि धडकवून खिदळत उतरत होती. पूर्वानं मात्र बसल्यावर आधी ब्रेक तपासले, हॉर्न दिला आणि गाडी अशी अलगद काढली की बाहेर उभे आम्ही तिघं भारावून गेलो.

दोन किलोमीटरवर सिग्नल लाल झाला. पूर्वानं गाडी थांबवली. एक मिनिट गेलं, तीन गेली, सहा गेली. मागे रांग कुरकुरायला लागली. ऑपरेटर धावत आला आणि सांगायला लागला की मॅडम, सॉफ्टवेअर हँग झालंय, हा सिग्नल काही बदलायचा नाही, तुम्ही जा पुढे.

पूर्वा म्हणाली, “लाल आहे.”

स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असलेली बाई! त्यात काकांनी बाहेरून मुद्दा काढला की सिग्नल ऑटोमॅटिक असेल, तर दिवसा मिनिटभर थांबून हळूहळू पुढे जायची परवानगी असते. पण ऑटोमॅटिक असेल तर खांबावर ‘ए’ अक्षराची पाटी हवी. मग आम्ही चौघंही पडद्याला नाक लावून पाटी शोधायला लागलो. पाटी नव्हती. शेवटी ऑपरेटरनं मशीनच बंद केलं, तेव्हा पूर्वा उतरली. उतरताना तिनं त्याला बजावलं की लॉगबुकात लिहा, गाडी मी सोडून गेलेले नाही.

*

करडेकाकांना कुठलीही वस्तू वाजवून बघायची सवय. ब्रेकचे डबे, दारं, सीटचे दांडे, सगळ्यावर बोटाचं पेर टकटक. एका स्टॉलवर चकचकीत पाईप मांडलेले आणि वर पाटी ‘शंभर टक्के शुद्ध तांबे’. काकांनी एक पाईप वाजवला. मग कान लावून परत वाजवला.

विक्रेत्यानं हिरवी फीत पाहिली होती. तो अदबीनं विचारू लागला की कसा वाटला आमचा माल.

काका म्हणाले, “पाटी शुद्ध आहे.”

आणि पुढच्या स्टॉलवर गेले.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी काकांनीच तोडगा काढला. आपला हिरव्या फितीचा बॅज त्यांनी राहुलच्या गळ्यात घातला आणि जा म्हणाले. राहुल नको नको म्हणत होता, कारण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. पण आता हातात एकच दिवस उरला होता. तो गेला.

चाकं बनवणाऱ्या कंपनीचा एक टायवाला माणूस त्याला बघून उठून उभा राहिला. अर्धा तास त्यानं चाकांबद्दल सांगितलं. राहुलनं असे असे प्रश्न विचारले की तो माणूस खुलत गेला. चहा आला, बिस्किटं आली. शेवटी टायवाल्यानं विचारलं की साधारण किती नगांची ऑर्डर धरू?

राहुलचे कान लाल झाले. त्यानं बॅगेतून सीव्ही काढला आणि टेबलावर ठेवून माफी मागितली. टायवाल्यानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचला. इकडं तिकडं पाहिलं. मग आपल्या बॅगेतून एक कागद काढून राहुलच्या हातात दिला.

“हा माझा,” तो हळूच म्हणाला. “आमचं युनिट मार्चमध्ये बंद होतंय. तुला कुठं जमलं तर मलाही सांग.”

*

आता माझी फजिती. त्याच संध्याकाळी रुळाच्या क्लिपा बनवणाऱ्या एका स्टॉलवाल्यानं मला एक क्लिप भेट दिली. रूळ स्लीपरला पकडून ठेवते ती, पिळलेली, चांगली वजनदार. मला इतका आनंद झाला की लग्नातल्या अंगठीचाही झाला नसेल (हे वाक्य बायकोसमोर म्हणत नाही). पिशवीत घालून मी थेट मेट्रो स्टेशनवर गेलो.

मशीननं पिशवी गिळली आणि थांबलं. सिक्युरिटीवाल्यानं क्लिप बाहेर काढली आणि हे काय म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, रुळाची क्लिप! त्याचा चेहरा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मेट्रो स्टेशनात उभं राहून हे वाक्य अभिमानानं म्हणायचं नसतं.

त्यांचे साहेब आले. मी कॅटलॉग दाखवला, बॅज दाखवला, दुकानाचं कार्ड दाखवलं. चष्मेवाल्याला क्लिप कशाला लागते, असं साहेबांनी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा मी परत कॅटलॉगच पुढं केला. अखेर त्यांनी क्लिप परत दिली आणि रजिस्टरमध्ये नोंद करून माझी सही घेतली. नोंद मी वाचली: ‘प्रवासी सज्जन वाटतो. वस्तू का हवी, हे त्यास स्वतःलाही माहीत नाही.’

*

आणि आता शनिवार. राहुल सकाळी बॅग भरूनच आला होता. रात्रीच्या गाडीची वेळ जवळ येत होती. दुपारी तीनच्या सुमारास एका स्टॉलवर ‘जागेवरच मुलाखत’ अशी हातानं लिहिलेली पाटी दिसली. ही कंपनी डब्यातली स्वच्छतागृहं बनवते. अख्खं तयार स्वच्छतागृह मधोमध उभं केलं होतं, आत दिवा, बेसिन, कमोड, सगळं नवं कोरं.

पंचाईत अशी की शेजारचा स्टॉल हॉर्नवाल्यांचा. दर दोन मिनिटांनी इंजिनाचा भोंगा! प्लँट मॅनेजरनं राहुलला नाव विचारलं, भोंगा वाजला. शिक्षण विचारलं, भोंगा वाजला. मॅनेजर वैतागून म्हणाले, चला आत. दोघं त्या स्वच्छतागृहात शिरले आणि दार लावून घेतलं. राहुल झाकण पाडून कमोडवर बसला, मॅनेजर बेसिनला टेकून उभे राहिले आणि मुलाखत सुरू झाली. हे नंतर कळलं. आम्हाला बाहेरून फक्त बंद दार दिसत होतं आणि पूर्वा माझं मनगट घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात रेल्वेचे एक बडे अधिकारी दहा-बारा माणसांच्या लवाजम्यासह आले. कंपनीचे मालक पुढं धावले. सर, आमचं नवीन डिझाइन, म्हणत त्यांनी झोकात दार उघडलं.

आत राहुल, मांडीवर फाइल घेऊन.

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. अधिकारी मात्र खूश झाले. माणूस बसवून दाखवायची ही पद्धत त्यांना आवडली असावी. त्यांनी थेट राहुललाच विचारलं की काय, कसं वाटतंय?

छान म्हण रे बाबा, नुसतं छान म्हण, असं मी मनात म्हणत होतो. काकांनी डोळे मिटून घेतले होते. राहुल उठून उभा राहिला. त्याचे कान अजिबात लाल नव्हते.

“बाकी चांगलं आहे, साहेब,” तो म्हणाला. “पण पिशवी टांगायला खुंटी नाही. एकटा माणूस सामान सीटवर सोडून येत नाही जी, सोबत घेऊन येतो. अन् धरायचा दांडा तुम्ही डाव्या बाजूला लावलाय. गाडी हलते तेव्हा डावा हात कामात असतो.”

भोंगासुद्धा वाजला नाही. अधिकाऱ्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग ते आत जाऊन झाकणावर बसले, उजवा हात हवेत फिरवून दांडा शोधला आणि बाहेर येऊन मालकांना म्हणाले की इतकी वर्षं हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही. नवीन ड्रॉइंग सोमवारी पाठवा, आणि ते घेऊन ह्यांनाच पाठवा.

मग ते राहुलकडे वळले. “किती वर्षं आहात या कंपनीत?”

राहुलनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं मालकांकडे पाहिलं. मालकांनी रुमालानं कपाळ पुसलं.

“आजच जॉइन झालेत, सर.”