राशीवरची राख

“हात लाव, मंग तुझा हात माझ्याकडंच राहील!” असं म्हणत ती फावड्याचा दांडा दोनदा जमिनीवर आपटायची. समोर बिल्डर असो नाहीतर बिल्डरचं कुत्रं, वाक्य तेच.

गंगापूर रोडला रस्त्यांच्या सामानाचं कोठार होतं, तिथे ती राखणदार. पेठ गावाकडची, काटक. फाटकासमोर माझी शेंगदाणे-फुटाण्यांची गाडी. नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं आम्ही दोघी समोरासमोर काढली. तुम्ही त्या बाजूनं गेला असाल, तर तिची शिवी नक्की ऐकली असेल.

कोठारात डांबराची पिंपं होती, खडी होती, पण तिचा जीव एकाच राशीत. पत्र्याखाली, ताडपत्रीनं झाकलेली चाळलेली वाळू. पावसाळ्यात पुढच्या उतारावर ट्रकांचं ऑइल सांडायचं आणि गाड्या साबणावरून जाव्यात तशा घसरायच्या. तेव्हा ही वाळू फेकायची. ती कोरडीच लागते हो, ओली नुसती गोळ्यानं पडते. एका आषाढात रास भिजलेली निघाली आणि एक दूधवाला घसरून ट्रकच्या चाकाखाली गेला.

“अर्धं डोकं रस्त्यावर, अर्धं माझ्या पदरात,” ती सांगायची आणि भाकर मोडत राहायची.

तेव्हापासून तिनं ती वाळू खळ्यावरच्या धान्यासारखी मानली. रोज संध्याकाळी ताडपत्रीखाली राशीवर राखेची रेघ ओढायची. मूठभर जरी कुणी काढली तरी रेघ तुटणार. चप्पल घालून जवळ जायचं नाही. एकदा कोठाराचे साहेब बुटासकट राशीवर चढले. “साहेब, बूट काढता का पाय काढू?” साहेबांनी निमूट बूट काढले. मोज्याला भोक होतं. आठवडाभर ती त्या भोकाची गोष्ट सांगत होती.

नुसती बोलायची नाही, मारायचीही. टेम्पो घेऊन वाळू चोरायला आलेल्या दोघांना तिनं फावड्यानं फोडून काढलं. त्यांनी तिचे पुढचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडानं माझ्यापुढे हात.

“अगं, फुटाणे चावणार कशानं?”

“चघळीन. तू दे.”

आता माझं सांगते. माझ्या भट्टीवरच्या कढईत शेंगदाणे भाजायची वाळू जळून काळी पडली होती. एका सकाळी ती नळावर गेली तेव्हा मी ताडपत्री उचलली आणि टोपलंभर वाळू घेतली. मागितली असती तर तिनं दिली नसती. ताडपत्री नीट झाकली. रेघेचं ध्यानातच आलं नाही.

ती परतली तेव्हा राशीजवळ रोलरचा ड्रायव्हर विडी ओढत उभा होता. तिनं ताडपत्री वर केली, तुटलेली रेघ पाहिली. विचारलंसुद्धा नाही. दांडा त्याच्या मनगटावर बसला आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज मला गाडीपाशी आला.

“पोरांची शपथ, मी नाही घेतली!”

दुसरा खांद्यावर. तिसरा तोंडावर. त्याचं रक्त वाळूत मुरत होतं. माझ्या कढईत तीच वाळू तापली होती आणि मी, एवढी बोलकी बाई, गप्प शेंगदाणे हलवत राहिले.

तिला कामावरून काढलं. बोचकं घेऊन फाटकाबाहेर आली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. “बाई, वाळू मी घेतली होती.”

तिनं कढईकडे पाहिलं. मग अशी कानफटात ठेवून दिली की डाव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. दुसरीची वाट बघत मी उभी राहिले. पण ती खाली बसली आणि आपला उजवा हात गाडीच्या लोखंडी चाकावर आपटू लागली.

“गरीब माणूस मारला गं मी. गरीब माणूस.”

बोटं फुटली तेव्हा मी तो हात धरला. तिनं हिसका देऊन सोडवला आणि पेठच्या रस्त्यानं गेली.

नवा राखणदार भला माणूस, कुणाला वाकडं बोलायचा नाही. पंधरा दिवसांत रास चोरीला गेली.

त्याच सालच्या श्रावणात उतारावर ऑइल सांडलं. एक स्कूटर आडवी झाली, तिच्यावर दुसरी. स्कूटरवरची बाई किंचाळली. मागून ट्रक येत होता. मी फडक्यानं कढई धरली आणि शेंगदाण्यांसकट पळत जाऊन सगळी वाळू रस्त्यावर ओतली. पावसात ती चर्र वाजली. ट्रक थांबला, बाईपासून हातभर अंतरावर.

टोपलंभर वाळू ती. ऑइल पुढच्या वळणापर्यंत पसरलं होतं आणि तिथे टाकायला मूठभरही उरली नव्हती.