युसूफचाचांनी दिलेला गोल

तो गोल नव्हता.

माझा हात लागला होता. उजवा. चांगला कोपरापाशी.

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला पण न्हाई. आज दुपारी युसूफचाचांना माती देऊन आलो, आणि घरी येऊन चपला पण न काढता ही पोस्ट लिहायला बसलोय.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. युसूफचाचा पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, आणि गावात मॅच असली की पंच तेच.

त्या वर्षीचा दुष्काळ लई बेकार. तळं आटून कोरडं ठाक. त्याच्याच तळाशी आम्ही फुटबॉल खेळायचो. लाइन राखेनं मारायची.

दूध सोसायटीत दूधच येईना. मग चेअरमन अण्णांनी दुधाचा टँकर धुऊन पाण्याला लावला. रोज एक खेप. पहिल्या गल्लीत हंडे भरायचे, शेवटच्या गल्लीत भांडणं व्हायची.

टँकर आधी कुठं, पेठेत, मोमीनपुऱ्यात का आणखी कुठल्या गल्लीत, यावरून रोज कटकट. शेवटी अण्णांनीच डोकं लढवलं.
"टुर्नामेंट घ्या. जिंकंल त्या गल्लीत पावसापर्यंत टँकर पहिला."

कप न्हाई, मेडल न्हाई. पाणी!

मग सोसायटीच्या कट्ट्यावर दुसरा विषयच न्हाई.

"पेठच जिंकणार बे."
"कावून? मोमीनपुऱ्याचा गोलकीपर बघितला का? भिंत हाय भिंत."
"पण पंच युसूफ. तो मोमीनपुऱ्याचाच की."
"म्हणून काय झालं? सख्ख्या भावाला बाहेर काढंल तो."

हे खरं होतं. काढलं होतं त्यांनी एकदा.

चाचांची एक पद्धत होती. लाइनमन वगैरे आमच्याकडं कुठले? एखादी गोष्ट दिसली न्हाई, तर ते सरळ त्या खेळाडूकडं जायचे. बॉल त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "तू बोल. क्या हुआ?"

तो सांगंल तो निकाल.

हसू नका. चालायचं हे. चाचांसमोर कुणी खोटं बोलत नव्हतं. आमच्यातला एक नंबरचा थापाड्या पण मान खाली घालून म्हणायचा, "लागला चाचा." आता टीव्हीवर रेफरी व्हिडिओ बघून निकाल देतो, ते व्हीएआर बघतो तेव्हा वाटतं, चाचांचा व्हीएआर आम्हीच होतो.

फायनल पेठ आणि मोमीनपुरा. मी पेठेचा.

शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं. कॉर्नर आला, धुरळा उडाला, सगळे एकमेकांच्या अंगावर. बॉल माझ्या हाताला लागून आत गेला.

चाचांना दिसलं न्हाई. बॉल घेऊन माझ्याकडं आले. शर्ट घामानं चिकटलेला, शिट्टी गळ्यात.

"बोल गणू. हात लगा क्या?"

माझी आई तेव्हा पहाटे उठून घाटातल्या झऱ्यावर जायची. वाटीनं हंडा भरायची. पाय सुजलेले असायचे. हे कारण म्हणून सांगत न्हाई. मोमीनपुऱ्यात पण आया होत्याच की.

"न्हाई चाचा."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. आणि शिट्टी मारली. गोल.

दुसऱ्या दिवशी टँकर आमच्या दारात. पाण्याला दुधाचा वास येत होता. आईनं रांजण भरले, वर माझी दृष्ट काढली.

तिकडं मोमीनपुऱ्यात चाचांचं जगणं अवघड झालं. तिथल्या गोलकीपरनं हात लागलेला बघितला होता, पण चाचांनी मला विचारलेलं धुरळ्यात कुणाला दिसलं न्हाई.

"अण्णा पेठेचेच. त्यांनीच फोडला युसूफला."
"अपनेच गल्ली का पानी काटा इसने!"

गल्लीतल्या बायका चाचींना टँकरच्या रांगेत शेवटी उभं करायच्या. तोवर टँकरच्या बुडाचं गढूळ पाणी उरायचं. चाचांनी एका शब्दानं खुलासा केला न्हाई. 'गणूला विचारून गोल दिला' एवढं जरी म्हणाले असते तरी सुटले असते. माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं न्हाई. पुन्हा शिट्टी पण घेतली न्हाई.

आणि मी काय केलं?

दर वर्ल्डकपला आमच्या ग्रुपवर वाद. यंदा कोण नेणार, कुणाची टीम भारी. मग गाडी रेफरीवर. कुणीतरी हमखास लिहिणार, "हा पण आपल्या युसूफसारखाच निघाला राव, फुटला."

खाली हसायचे इमोजी. त्यात माझा पण असायचा.

एकदा ठरवून गेलतो त्यांच्याकडं. मोटार घेऊन. म्हटलं आज बोलायचंच. त्यांनी चहा सांगितला, आईची तब्येत विचारली. मी मोटारीचंच बोलत बसलो आणि उठून आलो.

आज कब्रस्तानात त्यांचा मुलगा जावेद हात जोडून म्हणाला, "अब्बांनी कुणाचं मन दुखवलं असंल तर माफ करा."

गल्लीतले म्हातारे करीमदादा काठी टेकत पुढं आले.

"युसूफ, वो मॅच का माफ किया रे. सबने माफ किया."

माना हलल्या. जावेदनं खाली बघितलं.

मी चौथ्या रांगेत होतो. डोक्यावर रुमाल बांधून. एक पाऊल पुढं टाकायचं होतं फक्त. तोंड उघडलं न्हाई माझं. जे चाचांनी केलंच न्हाई त्याची माफी घेऊन ते गेले, आणि मी तीन मुठी माती टाकून घरी आलो. थू माझ्यावर.

जावेदभाई, तुझे अब्बा फुटले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं.

करीमदादांकडं मोबाइल न्हाई. त्यांना कुणी हे वाचून दाखवू नका. सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगणार हाय. गल्ली गोळा करून, सगळ्यांसमोर. पुढं ते काय करायचं ते करतील.

चाचा, हात लागला होता.

सलाम घ्या. तुमचा गुन्हेगार, गणू.