चार तुराट्या आणि चौदा गुंठे

नातींनो, तुमचं पत्र पोचलं. धाकटीनं लिहिलं आहे की भूमितीच्या सिद्धान्तांनी कुणाचं काही अडलेलं काम झालेलं तिनं पाहिलं नाही, म्हणून ती हा विषय सोडणार आहे. सोडायचा तर सोड बाई, पण हे कारण देऊ नकोस. तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं आहे. आमच्या वह्यांत आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता, असा नियम होता. मीही त्याच क्रमानं लिहिते. म्हातारपणी एवढीच एक शिस्त माझी मोडलेली नाही.

तर पक्ष असा. आमचं गाव बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला, मेहकर आणि देऊळगाव राजा यांच्या मध्ये. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या परीक्षांचे नियम नागपूरहून यायचे. मी मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. वर्गात चाळीस मुलगे आणि मी. आठवीपर्यंत सगळ्यांना एकच गणित होतं. नववीपासून मुलींना बीजगणित आणि भूमितीच्या जागी गृहशास्त्र मिळे: शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा. एखादीला भूमितीच हवी असेल तर पालकाची लेखी संमती लागे. नववी सुरू झाली त्या आठवड्यात शुक्रवारी हेडमास्तरांनी मला बोलावून संमतीचा कागद हातात दिला.

"सोमवारी सही करून आण," ते म्हणाले. "आणशील असं मला वाटत नाही."

मला भूमिती का हवी होती ते सांगते. आठवीत एक सिद्धान्त होता. एकाच पायावर आणि एकाच जोडीच्या समांतर रेषांत उभे असलेले समांतरभुज चौकोन क्षेत्रफळानं समान असतात. पुस्तक इंग्रजीत, चित्र एवढंसं. चित्रातला एक चौकोन सरळ उभा, दुसरा लांबच लांब कललेला, आणि म्हणे दोन्ही सारखे! मी घरी येऊन अंगणातली जुनी बाज ओढून पाहिली. तिचे सांधे ढिले होते. एका कोपऱ्याला रेटा दिला की ती कलायची. चारही बाजू तेवढ्याच राहायच्या, पण आतली जागा कमी व्हायची. म्हणजे जागा बाजूंवर नाही, पाया आणि उंची यांवर ठरते. मी ते सिद्ध करून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. घरात, शाळेत, सगळीकडे मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून गोष्टी खऱ्या असत. ही गोष्ट मात्र कुणी सांगितली नसती तरी खरीच होती.

शनिवारी मी गावी आले आणि कागद बाबांपुढे ठेवला. ते ओसरीवर मोटेच्या नाड्याला पीळ घालत बसले होते.

"उद्या चाचाशी तुकड्यांची अदलाबदल आहे," ते म्हणाले. "ती होऊ दे. मग करतो सही."

चाचा म्हणजे आमचे शेजारी. त्यांची आणि आमची शेतं दोन पिढ्या लागून होती. आमचा एक तुकडा नाल्याच्या पलीकडे, त्यांच्या विहिरीजवळ पडे, आणि त्यांचा एक तुकडा आमच्या गोठ्याला लागून होता. पेरणीच्या आधी तुकडा बदलून घेतला की दोघांची पायपीट वाचणार होती. सरकारी नकाशात अख्खी शेतं होती, असे तुकडे नव्हते. म्हणून मोजायला गावातले म्हातारे मोजणीदार आले. त्यांच्याकडे तेहेतीस फुटांची दोरी होती, सरकारी साखळीएवढी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. त्यांची रीत ठरलेली होती. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करून निम्मी घ्यायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. पंचक्रोशीतल्या कितीतरी वाटण्या या रीतीनं झाल्या होत्या.

आई न्याहारी घेऊन शेतावर गेली, तिच्यामागे मी. संमतीचा कागद माझ्या वहीत घडी करून ठेवलेला होता.

चाचांचा तुकडा सरळ आयताकृती होता, चौदा साखळ्या लांब आणि तेरा रुंद. आमचा नाल्याकाठचा तुकडाही चौदा आणि तेरा भरला. मोजणीदारांनी दोरी गुंडाळली.

"हा एकशे ब्याऐंशी गुंठे, तोबी एकशे ब्याऐंशी. रामराम करा अन् तोंड गोड करा," ते म्हणाले.

मी बांधावर उभी होते. तिथून नाल्याकाठचा तुकडा अंगणातल्या बाजेसारखा दिसत होता. कललेला.

इथे मला कबूल केलं पाहिजे की मी लगेच बोलले नाही. कमी भरणारा तुकडा आमचा होता. गप्प बसले असते तर जास्तीची जमीन आमच्या घरात आली असती, आणि संध्याकाळी कागदावर सहीसुद्धा. बोलले तर दोन्ही जाणार. हे सगळं मला तेव्हा नीट कळत होतं. चौदा वर्षांच्या मुलीला असलं काही कळत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

"बाबा," मी म्हटलं, "आपला तुकडा कमी आहे. तो तिरपा आहे." साध्य ते हेच.

"काय म्हणते वं पोट्टी?" मोजणीदार वळले. "तिरपा असो का सरळ, दोरी तेवढीच लागली ना? तुह्या बापाच्या लग्नाआधीपासून मोजून राह्यलो म्या."

"दोरी तेवढीच लागली, पण जमीन तेवढी नाही."

"अरे बाप्पा! शाळेत हेच शिकवतेत का आता?"

बाबांचा चेहरा काळवंडला. "आईसंगं घरी जा," ते म्हणाले.

मी घरी गेले नाही. गंजीवरून चार तुराट्या ओढल्या, म्हणजे तुरीचे वाळलेले दांडे. दोन लांब, दोन जरा आखूड. कोपऱ्यांना अंबाडीचे धागे बांधून चौकट केली आणि मोजणीदारांसमोर जमिनीवर ठेवली.

"आजोबा, हे शेत. आता पहा." मी एका कोपऱ्याला रेटा दिला. चौकट कलली. "बाजू बदलल्या का?"

"नाही."

आणखी रेटलं. "आता?"

"नाही म्हनलं ना."

मग मी ती इतकी दाबली की वरची तुराटी खालच्या तुराटीला जवळजवळ टेकली. "बाजू अजून तेवढ्याच आहेत. तुमच्या रीतीनं शेतही तेवढंच. पेरा यात जवारी."

चाचा मोठ्यानं हसले. "अरे, याच्यात तं एक दाना बी नाही मावनार! बुढेबाबा, तुमची दोरी खोटी नाही, पन तुम्ही तिले खोटं बोलायले लावून राह्यले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, खरा हिसाब कसा करायचा, सांग."

मी सांगितलं. लांब बाजू चौदा साखळ्या तशीच घ्यायची, पण रुंदी तिरप्या कडेनं नाही, काटकोनात मोजायची. काटकोन कसा धरणार, असं मोजणीदारांनी मुद्दाम विचारलं. मी एका सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या आणि तीन, चार, पाच असे भाग करून त्रिकोण ताणला. तीनच्या आणि चारच्या बाजू मिळतात तो कोपरा काटकोन. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त आम्ही आठवीत नुकताच केला होता आणि मला तो कुठेतरी वापरायचाच होता. चाचांनी दोरीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला बाबा पुढे आले नाहीत. आईनं न्याहारीचं फडकं खाली ठेवलं आणि दोरी धरली.

रुंदी बारा साखळ्या भरली. चौदा बारं एकशे अडुसष्ट. चौदा गुंठे कमी.

मग आई बोलली, दोरीचं टोक हातात तसंच धरून. "नाल्याकडलं निंदन-खुरपन दिवस बुडायच्या आत उरकते. चाचाच्या तुकड्यात त्याच बायांले दुसऱ्या रोजी बी जा लागते. मले कधीचं मालूम होतं."

"मंग आजवर बोलली काऊन नाही?" बाबांनी विचारलं.

"इचारलं कोनं?"

सिद्धता म्हणायची तर इथे पूर्ण झाली. चाचांनी आपल्या तुकड्याची एक साखळी रुंदीची पट्टी स्वतःकडे ठेवली, म्हणजे बरोबर चौदा गुंठे, आणि उरलेल्याची अदलाबदल झाली. मोजणीदार जाताना मला म्हणाले, "ते गाठीचं मले एकडाव पुन्हा दाखव. कोनापाशी सांगू नको." मी दाखवलं, आणि आज सांगतेही आहे.

संध्याकाळी बाबा घरी आले. मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी हातही लावला नाही.

"चार मानसांत माही इज्जत मोजली तू. अजून कोनती भूमिती पाहिजे तुले?"

"मी जमीन मोजली, बाबा."

"सही मिळनार नाही."

मी रडले नाही. आई सांगायची की रडले, पण मी नाही रडले. सोमवारी पहाटे गाडी जुंपली जात होती तेव्हा आई चुलीपासून उठली. तिला लिहिता येत नव्हतं. तव्याच्या पाठीची काजळी तिनं अंगठ्यावर घेतली, मला म्हणाली, "कुठं लावू?" मी बोट ठेवलं तिथे तिनं अंगठा दाबला. कागद वाळायची वाट न बघता मी वहीत ठेवला.

हेडमास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. "ही सही नाही."

"आईचा अंगठा आहे, सर."

"वडील?"

"ते देणार नाहीत. मी त्यांना विचारलं. कागदावर पालक लिहिलं आहे. आई पालक आहे."

"अंगठा चालत नाही."

"जमिनीच्या कागदावर चालतो, सर. पटवारी घेतो. अंगठ्यानं माणसाचं अख्खं शेत जातं, मग मला भूमिती का येऊ शकत नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तो कागद बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात घातला आणि म्हणाले, "पहिल्या चाचणीत नापास झालीस तर गृहशास्त्र. दाराजवळच्या बाकावर बस."

मी बसले. त्या बाकावर तीन वर्षं एकटी बसले आणि नापास झाले नाही. बाबांनी सही केली नाही ती नाहीच, मॅट्रिकच्या अर्जावरसुद्धा नाही. तिथेही आईचाच अंगठा आहे. नंतर आमचं बोलणं पूर्ववत झालं, हसणंखेळणंही झालं, पण त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली नाही आणि त्यांनी मागायला लावली नाही. चाचांची पट्टी मात्र ते दरवर्षी वखर उचलून ओलांडायचे, तिला पातं लागू द्यायचे नाहीत. याचा काय अर्थ लावायचा तो तुम्ही लावा.

ती वही माझ्या पेटीत आहे. पहिल्या पानावर कागदावरचा डाग उमटलेला आहे, आईच्या अंगठ्याचा, उलटा. त्याच्याखाली त्या दिवशी वर्गात घातलेलं पहिलं उदाहरण आहे. शिक्षक म्हणाले होते, "मुलींनी नाही उतरवलं तरी चालेल." मुलींनी म्हणजे मी एकटीनंच. मी उतरवलं. धाकटे, तुला वही हवी असेल तर कळव, टपालानं पाठवते. विषय सोडायचा की नाही ते मग ठरव, आणि जे ठरवशील त्याच्या कागदावर सही तुझी असू दे.