विरोधात कोणी नाही

“मी विरोध करणारच नाही. मला तो ठराव पडलेला पाहायचाय,” प्रतिभा एकदा मैत्रिणीला, पूजाला, म्हणाली होती. पूजाला वाटलं, थट्टा करतेय.

मखमलाबादला भाजी पिकवणाऱ्या बहिरू माळ्याची ही मुलगी. तिच्या कॉलेजात दर वर्षी मुलं संयुक्त राष्ट्रांची नकली सुरक्षा परिषद भरवत. पंधरा मुलं पंधरा देश होत, ठराव मांडत, मतं देत. २००५ साली अख्खा ठराव प्रतिभानं लिहिला. तो मांडला वर्गातल्या राजनं, आणि त्या जोरावर दिल्लीच्या परिषदेलाही राजच गेला. ठराव लिहिला कोणी, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा तो तिच्याकडे बोट करून हसत म्हणाला, “हिनं फक्त टाइप केलं, सर.” तो ‘फक्त’ तिनं वर्षभर जिभेखाली धरून ठेवला.

पुढच्या वर्षी राज फ्रान्स झाला, ती घाना.

“प्रतिभा, लिहून दे ना यार. तुझ्यासारखं कोणाला जमतं?”

“देते की.”

सोळा दिवस खपून तिनं नदीच्या पाणीवाटपाचा ठराव लिहिला. एक कलम ढिलं ठेवलं नाही. भिकार माल पाडण्यात कसला आलाय सूड?

पाडायचं कसं, ते ती मार्केट यार्डात शिकली होती. व्यापाऱ्यांशी वाजल्यावर बापाच्या कोथिंबिरीला कोणी नावं ठेवली नाहीत. लिलावात कोणी बोलीच बोललं नाही, एवढंच. दुपारपर्यंत ढीग काळा पडला.

मतदानाआधीच्या चहाच्या सुट्टीत तिनं पेरू देश झालेल्या यादवला गाठलं. “राजनं तुला भर वर्गात ‘सटाण्याचा कांदा’ म्हटलं, विसरलास?”

“विसरतोय कसला! विरोधात हात वर करतो, बघच.”

“खुळा का तू? नुसता तटस्थ राहा. कोणाच्या डोळ्यांवर यायला नको.”

राजचा डंख बसलेले असे सहा जण निघाले. सातवी ती.

मतदान घ्यायला अध्यक्ष असलेले सर उभे राहिले. “बाजूनं?” देशांच्या नावांचे आठ फलक वर गेले. “विरोधात?” एकही नाही. राजनं शेजाऱ्याला टाळी दिली.

“तटस्थ?” सात.

“बाजूनं नऊ मतं लागतात. ठराव नामंजूर.”

राजनं आठवडाभर फक्त विरोधक मोजले होते. तो तटस्थांकडे बघत राहिला, घानाच्या फलकावर थांबला, आणि पाहुण्यांदेखत ओरडला, “अगं, तूच लिहिलायस ना तो! पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच!”

सरांनी चष्मा काढला. “काय गं? खरं आहे हे?”

प्रतिभानं फलक टेबलावर पालथा घातला, ओढणी सावरली आणि दाराबाहेर पडली.