अक्काच्या बोटाखालची अक्षरं

मागच्या वर्षी एका सकाळी अक्कानं पेपर उघडला आणि मला विचारलं, "आज हा कुठल्या भाषेत छापलाय रे?"

पेपर रोजचाच होता, कानडी. माझी ही थोरली बहीण मल्लेश्वरमच्या शाळेत आयुष्यभर कानडी शिकवून निवृत्त झालेली. मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिनं पान उलटंसुलटं करून पाहिलं, चष्मा पुसला, आणि तिचा चेहरा उतरला.

मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. हातपाय ठीक, बोलणं ठीक, फक्त वाचणं गेलं. कानडी गेलं, घरातलं मराठीही गेलं. डॉक्टरांनी कागद पुढं केला तेव्हा तिनं स्वतःचं नाव सुरेख लिहिलं. "आता वाचा," ते म्हणाले. ती त्या कागदाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे कुणाचं आहे?"

घरी आम्ही दोघंच. उपचार करणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. अक्षरावरून बोट फिरवा, डोळे विसरले तरी हाताला आठवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पहिलीचं पुस्तक आणलं. अक्कानं ते बाजूला सारलं. "ह्यातून मी पोरांना शिकवलं. आता मीच शिकू?" त्या दिवशी ती जेवली नाही.

मी बोम्मसंद्र्याला पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या कारखान्यात आहे. छापून आलेला रंग मंजूर नमुन्याशी जुळतो का, हे बघणं माझं काम. अक्षरांकडं मी तेवढ्यापुरतंच बघायचो, शाई पसरली की नाही. एकदा स्वयंपाकघरात अक्कानं सगळ्या पाकिटांतून कॉफीचं पाकीट बरोबर उचललं.

"वाचलंस?"

"छे. ओळखलं."

ते आम्ही दोघांनी मग नीट पाहिलं. तपकिरी कागदावर पांढऱ्या जाड अक्षरांत कानडीत 'काफि'. कुणीतरी ती हातानं काढलेली. 'फि'च्या डोक्यावरची गोल वेलांटी वर जात जात कपावरची वाफ झाली होती. अक्कानं 'का'वरून बोट फिरवलं. "ह्याला केवढं पोट आहे बघ," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तेव्हापासून मी येताना काहीबाही आणू लागलो. उदबत्तीचा पुडा, काडेपेटी, साबणाचं वेष्टन. उदबत्तीवरची अक्षरं लांब शेपट्यांची, काडेपेटीवरची ठोकळ्यासारखी. बसल्या बसल्या ती बोट फिरवायची. कधी एखादं अक्षर हाताला लागायचं, दुसऱ्या दिवशी निसटायचं. चिडून तिनं एकदा सगळं जमिनीवर ढकललं. मी उचलून ठेवलं.

पुढं कॉफीवाल्यांनी पाकीटच बदललं. नवं चकचकीत, हिरवं, वर सरळ बारीक अक्षरं. जुनं आहे का म्हणून मी आठव्या क्रॉसपर्यंतच्या गल्ल्यांतली दुकानं पालथी घातली. शेवटी नवंच घेऊन घरी आलो.

"ही आपली नाही," अक्का म्हणाली. "परत दे जा."

"आपलीच आहे ग. कपडे बदललेत फक्त."

तिनं पाकीट हातात घेतलं. वास घेतला. मी पुढं काही सांगणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. "स्वल्प थांब." तिचं बोट त्या बारीक अक्षरांवरून अगदी सावकाश गेलं. परत मागं आलं. ओठ हलले. "का." बराच वेळ गेला. "का... फि."

इथं ना वाफ होती, ना ओळखीचा रंग. वासावरून सांगायचं तर ती कधीच बोलली असती; तिनं वाचलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

पुस्तक वाचणं मात्र तिला परत मिळालं नाही. आजही एका शब्दाला तिला एवढा वेळ लागतो की ओळ संपेपर्यंत सुरुवात हरवते. पेपर मीच वाचून दाखवतो. खालचा मजकूर ऐकताना ती शीर्षकावर बोट ठेवून असते.

परवा साबणाचा कागद उलगडत तिनं विचारलं, "ही अक्षरं कुणी काढली असतील रे?"

मी कागद सगळ्या बाजूंनी पाहिला. वजन होतं, किंमत होती, तक्रारीसाठी पत्ता होता.

"नाव नाही ग लिहिलेलं."

"सरी, असू दे," ती म्हणाली. "पण मन लावून काढलीत." आणि साबण घेऊन अंघोळीला गेली.